तेलाची वाटी

नरकचतुर्दशीच्या पहाटे मी अंगाला तेल लावून घेत नाही. घरात सगळी मंडळी उठलेली असतात, चाळीतल्या कुणाच्या तरी पोराने पहिला फटाका फोडून बाकीच्यांची झोप मोडलेली असते, सूनबाई दुधात उटणे कालवीत असते, नातू पाटावर कुडकुडत बसलेला असतो. आणि मी मात्र सगळ्यांची नजर चुकवून कोरड्या अंगाने न्हाणीघरात शिरतो आणि दोन तांबे ओतून बाहेर येतो. आई होती तोवर म्हणायची, की अशाने नरकात जाशील. आमची सौ. तेवढे म्हणत नाही. ती फक्त तेलाची वाटी उचलून परत फडताळात ठेवते, आणि ती ठेवताना जो आवाज होतो तो मला पुरतो.

तेलाशी माझे वाकडे आहे. वर्षातून एकदाच ते अंगाला लागते, तेही चतुर्दशीला नव्हे. त्याला कारण आहे. ते कारण चकली-कडबोळ्यांच्या ताटाशेजारी बसून वाचण्याजोगे आहे की नाही याचा मी बराच विचार केला. संपादकांनी तर 'दिवाळीला शोभेलसे काही' असे पत्रात लिहिले आहे. पण साठी उलटलेल्या माणसाजवळ दिवाळीची जी आठवण असते तीच तो देणार.

माझा धंदा पाणबुड्याचा. म्हणजे होता. लोकांना पाणबुड्या म्हटले की मोती आठवतात, नाहीतर सिनेमातली रंगीत मासळी आणि पोवळ्यांची बने आठवतात. ज्यॅक कुस्तो या फ्रेंच माणसाने एमिल गान्यां नावाच्या इंजिनिअरच्या मदतीने १९४३ साली पाण्यात श्वास घ्यायचे यंत्र सिद्ध केले आणि पुढे त्याच्या चित्रपटाने सगळ्या जगाला समुद्राचा तळ दाखवला. माझे गिऱ्हाईक असले नव्हते. मी मुंबई बंदरात बुडी मारीत असे. तिथे पाणी चहाच्या चोथ्यासारखे. पावसाळ्यात तर डोळे उघडे ठेवले काय नि मिटले काय, सारखेच. काम सगळे बोटांनी. जहाजाच्या बुडाला चिकटलेले शंखशिंपले खरवडायचे, नांगराची साखळी सोडवायची, पंख्यात अडकलेला दोर कापायचा, कुणाच्या हातून पडलेले पाकीटसुद्धा शोधून द्यायचे. तीस वर्षे मी हेच केले आणि त्यावर दोन मुलांची शिक्षणे केली.

मूळ आम्ही मालवणचे. पाण्याचे भय आम्हाला कुणी शिकवले नाही, पण किनाऱ्यावरच्या तेलाचे मात्र लहानपणापासून ठाऊक होते. मृग जवळ आला, वारा फिरला की वाळूवर काळे गोळे येऊन पडत. सुपारीएवढे, कधी लिंबाएवढे. वरून वाळूने माखलेले असल्यामुळे ते दिसत नसत. पाय पडला की आत मऊ डांबर. भर समुद्रातून जाणारी जहाजे आपल्या टाक्या धुऊन जे टाकतात, त्याचा पातळ भाग उडून जातो, उरलेला लाटांनी मळून मळून त्याचे हे गोळे होतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या लोकांनी त्यांचा रीतसर अभ्यास केला आहे, हे मला पुष्कळ पुढे कळले. तेव्हा एवढेच कळे, की तसल्या पायांनी सारवलेल्या पडवीत आलो तर पाठीत धपाटा बसतो. आई दारातच उभी करी.

"आदी पाय दाखय!"

मग ती खोबरेलाची वाटी घेऊन बसे. शेजारीपाजारी रॉकेलच्या बोळ्याने पोरांचे पाय पुसत. आईला ते पटत नसे. खोबरेल चोळायचे, डांबर सुटू द्यायचे, फडक्याने पुसायचे, मग साबण. "तेल तेलानच निघता रे," असे म्हणत ती माझी टाच घासत राही. हे वाक्य मी पुढे चाळीस वर्षांनी विसरलो. नको तेव्हा विसरलो.

आता २०१० सालाकडे येतो. ऑगस्टच्या ७ तारखेला, शनिवारी सकाळी, मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' ही दोन जहाजे एकमेकांवर आदळली. वाचकांना वर्तमानपत्रातले छायाचित्र आठवत असेल: चित्रा एका कुशीवर कलंडलेली आणि तिच्या पाठीवरचे डबे, म्हणजे कंटेनर, काड्यांच्या पेट्या ओताव्यात तसे पाण्यात घसरत असलेले. हजाराहून अधिक डबे होते तिच्यावर. शेकड्यांनी समुद्रात गेले. काहींत कीटकनाशके होती. आणि तिच्या पोटात अडीच हजार टनांवर इंधनाचे तेल. त्यातले सुमारे आठशे टन बाहेर आले, असा अंदाज सांगण्यात आला. तटरक्षक दलाची हेलिकॉप्टरे वरून औषध फवारीत होती. डबे तरंगत असल्यामुळे बंदराची वाट बंद झाली. उरण, अलिबाग, घारापुरी, जिकडेतिकडे तिवरांची मुळे काळी झाली. मासे खाऊ नका म्हणून सांगण्यात आले, आणि ऐन गटारीच्या तोंडावर बाजारात पापलेटला कोणी विचारीना.

माझ्या धंद्यातल्या माणसाला अशा वेळी काम मिळते. वाईट वाटावे असे हे सत्य आहे, पण वैद्यालाही पडसे आले की चार पैसे मिळतात. बंदर मोकळे होताच जी ती बार्ज आधी सुटू पाहणार. आणि घारापुरीच्या अलीकडे नांगरलेल्या एका बार्जच्या पंख्यात नायलॉनचा जाडजूड दोर गुरफटला होता. मी ज्या ठेकेदाराकडे काम करीत असे त्याचा निरोप आला. दुप्पट मजुरी. मी विचारले, "तिकडे तेल आहे ना?" तो म्हणाला, "तेल वर आहे. तुम्ही खाली जाणार."

हे बोलणे मला तेव्हा बिनतोड वाटले. तेल पाण्यावर तरंगते हे तर शाळेतल्या पोरालाही ठाऊक. मी सौ.ला हेच सांगितले आणि १० तारखेला मंगळवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने निघालो. बरोबर दोरवाला म्हणून माझा भाचा होता.

या भाच्याविषयी सांगितले पाहिजे. माझ्या थोरल्या ताईचा हा एकुलता एक. मेहुणे लवकर गेले. ताईने भांडुपला पोळीभाजीचे डबे करून याला वाढवला. पोरगा बारावीला अडला आणि माझ्यामागे लागला, की मामा, मला पाण्यात घ्या. ताईची इच्छा नव्हती. मी तिला शब्द दिला की दोन वर्षे तो फक्त वर बसून माझा दोर धरील, आणि मी सांगितल्याशिवाय पाण्यात उतरणार नाही. दोरवाला म्हणजे नुसता दोर धरणारा नव्हे. खाली गेलेल्या माणसाचे प्राण त्याच्या मुठीत असतात. त्याने एक झटका द्यायचा, 'ठीक ना?', खालच्याने एक झटका परत करायचा, 'ठीक.' खालून चार झटके आले की वर ओढायचे. पोरगा या कामात फार चांगला होता. दोर धरून तो बोलत नसे, विडी ओढीत नसे, मोबाइल बघत नसे. त्याचे त्या दोराकडे पाहणे मला आवडत असे.

आम्ही बार्जवर पोहोचलो तेव्हा आधी आला तो वास. पेट्रोल पंपावर येतो तो नव्हे. त्याहून जड, जिभेवर बसणारा. पाण्याकडे पाहिले तर एका बाजूला नुसती मोरपिशी झाक, आणि पंख्याच्या बाजूला लाटेबरोबर न फुटणारा तपकिरी लगदा. दूध नासल्यावर त्याचा गोळा व्हावा तसे ते तेल समुद्राच्या पाण्याशी घुसळून घट्ट झाले होते. पाऊस पडत होता आणि त्या लगद्यावर पावसाचे थेंब आवाज न करता पडत होते.

माझ्या अंगात साधा स्पंजासारख्या रबराचा पोशाख होता. डोळ्यांवर काचेचा मुखवटा, तोंडात श्वासाची तोटी, आणि वर बार्जवर ठेवलेल्या कॉम्प्रेसरकडून येणारी हवेची नळी. मी बाल्डीने लगदा बाजूला सारला, जागा थोडी मोकळी झाली, आणि उतरलो. खाली गेल्यावर खरेच काही नव्हते. नेहमीचा काळोख, नेहमीचे गार पाणी. मी हाताने पंखा चाचपला, दोराचे वेढे मोजले आणि करवत चालवू लागलो. तासाभरात निम्मे वेढे निघाले. मनात म्हटले, ठेकेदार बरोबर होता.

वर येताना तो चुकीचा ठरला. उतरताना मी जी जागा मोकळी केली होती ती केव्हाच भरून आली होती. पाणबुड्याला शेवटी वरच यावे लागते, आणि वर येण्याची वाट त्या लगद्यातूनच होती. डोके त्यातून बाहेर काढले तर काच पार काळी. हाताने पुसली, तर हातही तेलाचाच. काच अधिकच बरबटली. शिडी दिसेना. लाटेने बार्ज उचलली, माझी मान मागे गेली, नळीला हिसडा बसला आणि तोंडातली तोटी सुटली. त्या वेळी माणूस जे करतो तेच मी केले: श्वास घेतला.

त्या घोटाची चव मी सांगत नाही. आपण फराळाला बसला आहात. पोटात किती गेले नि छातीत किती, कोण जाणे. भाच्याने मला दोराने ओढून फळीवर घेतले. मी खोकत होतो. तो रडकुंडीला आला होता. बार्जवरच्या भंडाऱ्याने मिठाचे पाणी करून दिले आणि भाच्याने ते मला तांब्याभर पाजले, विष पोटात गेल्यावर उलटी करवतात म्हणून. मी भडभडून ओकलो. सगळ्यांना हायसे वाटले. मग एका खलाशाने रॉकेलचा डबा आणला आणि बोळ्यांनी माझी मान, कान, काखा, सगळे घासून घासून स्वच्छ केले. मायेने केले हो सगळे. दोन्ही गोष्टी साफ चुकीच्या होत्या.

हे मला पुढे ज्या डॉक्टरांनी सांगितले ते तरुण होते आणि रागीट होते. त्यांचे म्हणणे असे: असले तेल पोटात राहिले तर त्या मानाने कमी बिघडते, पण छातीत थेंबभर उतरले तरी ते पातळ पापुद्र्यासारखे पसरते आणि फुफ्फुसाला सूज आणते. उलटी करवली की पोटात गेलेले पुन्हा घशाशी येते आणि वाट चुकायला त्याला दुसरी संधी मिळते. म्हणून तेल प्यालेल्या माणसाला कधीही उलटी करवू नये. आणि रॉकेलने काळे डाग निघतात खरे, पण कातडीचे स्वतःचे तेलही निघून जाते, ती उघडी पडते, आणि उरलेले विष आत शिरायला दार मोकळे होते. "साधे खोबरेल आणि साबण नव्हता का हो तिथे?" असे त्यांनी विचारले. मी भिंतीकडे तोंड केले.

पण डॉक्टरांपर्यंत मी दोन दिवसांनी पोहोचलो. मधल्या दिवसांतच जे व्हायचे ते झाले. मंगळवारी रात्री डोके दुखत होते, बुधवारी सकाळपासून ताप आणि कोरडा खोकला. पोशाख गॅलरीत वाळत घातला होता. त्या स्पंजाने इतके तेल पिऊन ठेवले होते, की मजल्यावरची बिऱ्हाडे नाकाला पदर लावून जाऊ लागली. संध्याकाळी ठेकेदाराचा फोन आला. निम्मा दोर अजून पंख्यात आहे. वाट एकदोन दिवसांत मोकळी होणार. बार्जचा मालक पैसे अडवून बसला आहे. फोन भाच्याने घेतला होता. तो माझ्या उशाशी येऊन उभा राहिला.

"मामा, मी जातंय. अर्ध्या तासाचा काम."

ताईला दिलेल्या शब्दाची मुदत पुरी व्हायला अजून पाच महिने होते. पोरगा ताडमाड उभा, डोळ्यांत नुसती हौस. मला ताप होता, हे मी कारण म्हणून सांगू शकतो आणि पुष्कळ वर्षे स्वतःला सांगत आलो. पण डोके चांगले शाबूत होते. मी मजुरीचा हिशेब केला होता. काम अपुरे राहिले तर माझेही पैसे बुडणार होते. मी म्हणालो, "जा. पण बेगीन वर ये."

एवढेच. मी त्याला काचेचे सांगितले नाही, वर येताना तोटी दातांत घट्ट धर म्हणून सांगितले नाही, वाऱ्याचे सांगितले नाही.

वाऱ्याचे सांगायला हवे होते. नळीतून खाली जी हवा येते ती कुठली असते? बार्जवर कॉम्प्रेसर जिथे ठेवला असेल तिथली. माझ्या वेळी तो वाऱ्याच्या बाजूला होता. गुरुवारी पाऊस जोराचा होता, म्हणून यंत्र भिजू नये अशा बेताने कोणीतरी ते मागच्या बाजूला आडोशाला नेले, नेमके त्या लगद्याच्या वर, आणि इंजिनाचा धूर निघतो तिथे. तेलातून उडणाऱ्या वाफा, त्यांत बेंझिनसारखे पदार्थ असतात, आणि तो धूर, असे दोन्ही कॉम्प्रेसरने शोषून पोराच्या तोंडात नेऊन सोडले. जमिनीवर माणसाला असा वास आला तर तो चार पावले दूर होतो. पाण्याखाली दूर होणार कुठे? शिवाय खोली वाढली की दाब वाढतो. दहा मीटरवर तो दुप्पट होतो, आणि हवेतल्या विषाचा जोरही त्या मानाने वाढतो. तिथे तीन-चार मीटरच होते, म्हणून हे लिहिताना मी निदान पूर्ण वाक्ये लिहू शकतो.

दोर धरायला बार्जवरचा एक खलाशी होता. त्याने झटका दिला, उत्तर आले नाही. त्याला वाटले, पोरगा कामात आहे. पुन्हा दिला, पुन्हा काही नाही. मिठाचे पाणी करणाऱ्या त्याच भंडाऱ्याने हे पाहिले आणि धावत येऊन दोराला हात घातला. दोघांनी ओढून वर काढला तेव्हा तो शुद्धीवर नव्हता आणि ओकारीने गुदमरला होता. भंडाऱ्याने त्याला पालथा करून तोंड मोकळे केले. श्वास चालू झाला. त्या माणसाचा पत्ता मी नंतर खूप शोधला.

माझा ताप वाढला म्हणून मला त्याच दुपारी इस्पितळात नेले होते. संध्याकाळी त्याच वॉर्डात त्यालाही आणले, मधे दोन खाटा सोडून. रात्री आठच्या सुमारास ताई आली. डब्यांची पिशवी तिच्या हातात तशीच होती. कुणाच्या तरी घरून थेट आली असावी. ती पोराच्या खाटेशी गेली. त्याच्या नाकाला नळी होती. तिने त्याच्या केसांतून हात फिरवला, मग तो हात नाकाशी नेऊन हुंगला. मी खाटेवर उठून बसलो होतो. मला वाटले आता इकडे येईल, काय वाटेल ते बोलेल. ती रात्रभर तिथे स्टुलावर बसली आणि एकदाही तिने इकडे मान वळवली नाही. पहाटे मला खोकल्याची मोठी उबळ आली तेव्हा पाण्याचा पेला घेऊन आली ती परिचारिका.

पोरगा तिसऱ्या दिवशी घरी गेला. मी अकरा दिवसांनी. मानेवर आणि उजव्या कानामागे रॉकेलने सोलल्यासारखी झालेली कातडी पुढे नीट भरली, पण तिथे एक खरखरीत पट्टा राहिला तो राहिलाच. रक्त दरवर्षी तपासून घ्या, असे डॉक्टरांनी बजावले. बेंझिन रक्ताच्या कर्करोगाला कारण होऊ शकते. एका बुडीने तसे व्हायचे नाही, असेही ते म्हणाले. मी म्हणालो, बंदरात तीस वर्षे बुड्या मारल्या आहेत, तिथे तेल नव्हते असा दिवस आठवत नाही. त्यावर ते काही बोलले नाहीत.

त्या वर्षीच्या दिवाळीत आईने वाटी कोमट करून आणली. वास सुगंधी तेलाचा होता, मोगऱ्याचा असेल. पण बोटे मानेला लागली, ते ओशट ओले कातडीवरून ओघळले आणि माझ्या पोटात ढवळून आले. मी उठून गेलो. आई वाटी घेऊन तशीच बसून राहिली. भाऊबीजेला ताईचे बोलावणे आले नाही आणि मीही गेलो नाही. निरांजन लावून तिने म्हणे चंद्राला ओवाळले. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका असे करतात.

आजारपणात वेळ भरपूर होता. मुलाने कॉम्प्युटरवर शोधून शोधून मला कागद आणून दिले आणि इंग्रजी अडले तिथे समजावूनही दिले. त्याच २०१० साली अमेरिकेशेजारी मेक्सिकोच्या आखातात काय झाले हे बहुतेकांना माहीत आहे. २० एप्रिलला 'डीपवॉटर होरायझन' या तेलाच्या फलाटावर स्फोट झाला, ११ माणसे गेली, आणि समुद्राच्या तळातून ८७ दिवस तेल वाहत राहिले. मे महिन्यात त्या तेलात उतरून चित्रण करणाऱ्यांत कुस्तोचा नातू फिलिप होता. त्यांची छायाचित्रे मी किती वेळा पाहिली असतील! अंगाचा तसूभर भाग उघडा नाही. डोक्यावर पूर्ण शिरस्त्राण, ते पोशाखाला जोडलेले, हातमोजेही जोडलेले. आणि वर आल्यावर त्यांना धुऊन काढायला हातमोजे घातलेली माणसे तयार. आम्ही भाऊच्या धक्क्यावरून गेलो त्याच्या अडीच महिने आधीची ही गोष्ट. म्हणजे हे सगळे जगाला ठाऊक होते.

ठाऊक असून किती वर्षे झाली होती, ते वाचून तर मी कागद बाजूला ठेवला. अमेरिकेच्या समुद्रखात्याने घाण पाण्यातल्या बुडीची पद्धत १९८०च्या दशकातच बसवायला घेतली होती. त्यांच्या आरमाराचे या विषयावर वेगळे पुस्तक आहे. पोशाख स्पंजाच्या रबराचा नको, तो तेल पितो आणि धुतला तरी सोडत नाही. गुळगुळीत रबराचा, आत पाण्याचा थेंब न घेणारा हवा. त्यातही तेलाने रबर कुजते, म्हणून मानेची नि मनगटाची पट्टी दर वेळी तपासायची. सोडलेला श्वास ज्या पडद्यातून बाहेर जातो तिथून थेंबभर पाणी परत आत येते, म्हणून तिथे एकामागे एक दोन पडदे. उतरायच्या नि वर यायच्या जागी बंबाच्या पाण्याचा झोत धरून तवंग हटवीत राहायचे. म्हणजे माझी बाल्डी बरोबर होती, फक्त ती मी खाली गेल्यावरही कुणीतरी चालवायला हवी होती. आणि ते फवारण्याचे औषध? ते तेल नाहीसे करीत नाही, त्याचे बारीक थेंब करून पाण्यात खाली मिसळते. पक्ष्याला ते कदाचित बरे, पाणबुड्याला नव्हे. 'तेल वर आहे, तुम्ही खाली जाणार' याचा उरलासुरला अर्थही तिथे संपतो.

आणि या सगळ्यांच्या आधीचा नियम असा, की काम थांबण्यासारखे असेल तर उतरूच नये. पंख्यातला दोर थांबण्यासारखा होता. चार दिवसांनी तवंग विरळ झाल्यावर तो दुसऱ्या कुणीतरी कापलाच.

पुढच्या वर्षी, ४ ऑगस्ट २०११ ला, कोळशाने भरलेले 'रॅक कॅरियर' मुंबईपासून काही मैलांवर बुडाले. त्याच्यातूनही इंधनाचे तेल वर येऊ लागले. जुहूच्या वाळूत काळे गोळे आले. ठेकेदाराचा फोन आला, एका मच्छिमार बोटीचे काम होते. मी म्हणालो, येतो, पण शिरस्त्राण लागेल, असा असा पोशाख लागेल, हवा बाटल्यांतून लागेल. मी कागद पुढ्यात घेऊन त्याला वाचूनच दाखवू लागलो. तो मोठ्याने हसला आणि त्याने फोन ठेवला. मग मी धक्क्यावर गेलो आणि ओळखीच्या पाणबुड्यांना गाठून गाठून सांगितले. दोघे थांबले. तिसरा गेला, त्याच्या मुलीचे लग्न होते. त्याला काही झाले नाही, आणि भेटला की तो अजून मला चिडवतो.

हे ताईच्या कानावर कुणी घातले मला माहीत नाही. भाच्याने घातले असावे. तो तेव्हा धंदा सोडून मालवणला गेला होता. तारकर्लीकडे पर्यटकांना होडीतून नेऊन समुद्राचा तळ दाखवतात, त्या कामावर. स्वतः तो फारसा उतरत नाही. होडी थांबली की तो आधी पाण्यावर वाकून कुठे इंद्रधनुष्यासारखी झाक दिसते का ते पाहतो, मग इंजिन बंद करून वारा कुठला आहे ते पाहतो. पर्यटकांना वाटते, हा समुद्राच्या पाया पडतो आहे.

त्या दिवाळीत पाडव्याच्या रात्री त्याचाच फोन आला. म्हणाला, "मामा, उद्या सकाळी लवकर येवा. आये म्हणता, न्हाऊन येव नकात."

मी पहाटेच्या गाडीने भांडुपला गेलो. ताईने दार उघडले, नेहमीसारखे 'ये' म्हणाली नाही, पण आत न्हाणीघराच्या तोंडाशी पाट मांडलेला होता आणि भोवती रांगोळी होती. आमच्याकडे भाऊबीजेला बहीण भावाला न्हाऊ घालते. चुलीवरच्या तेलाचा, म्हणजे गॅसवरच्या, वास आला. खोबरेलच होते, नुसते, काही सुवास नसलेले.

"बस," ती म्हणाली.

मी सदरा काढून बसलो. तिने वाटीत बोटे बुडवली आणि टाळूवर थापले. मी डोळे मिटून घेतले. बोटे कपाळावरून, गालांवरून खाली आली, खांद्यांवर गेली. मग मानेशी, कानामागे त्या खरखरीत पट्ट्यावर येऊन थांबली. पुष्कळ वेळ ती तिथेच होती. एवढ्या वेळात ती कातडी दहादा चोळून झाली असती.

"हय अजून खाजता?"

"नाय."

"खोटा बोलतंस."

मी गप्प बसलो. तिने वाटीत पुन्हा बोटे बुडवली आणि त्याच जागी पुन्हा चोळू लागली. आतून भाच्याने बाल्डी आपटली.

"आये, पाणी निवला गो!"

"निवांदे," ती म्हणाली. "दुसरा तापय."